गालिचा स्वच्छ करताना झालेले नुकसान आणि त्यावरून झालेले वाद : आपले अनुभव लिहा

गालिचेवाला, पुणे

दिवाळीच्या तोंडावर आमच्या व्यवसायात फोनला उसंत नसते. परवा अशाच एका फोनवर बाईंनी पत्ता सांगण्याआधीच विचारले, "काही खराब झाले तर भरून कोण देणार?" प्रश्न रास्त होता. त्यावरून सदाशिव पेठेतल्या एका जुन्या कामाची आठवण झाली आणि हा धागा काढावासा वाटला.

जेवणाच्या टेबलाखाली क्रीम रंगाचा नायलॉनचा गालिचा होता. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने शाम्पू फवारला आणि मिनिटभरात टेबलाच्या पायाजवळ तळहाताएवढा तांबडा डाग उमटला. घरातल्या आजी म्हणाल्या, "तुमच्या यंत्रातूनच हा रंग आला, कालपर्यंत इथे काही नव्हते." त्या खोटे बोलत नव्हत्या, कारण तांबडा डाग कालपर्यंत खरोखरच नव्हता. तिथे कधीतरी सांडलेल्या वरणातल्या हळदीचा फिकट डाग क्रीम रंगात मुरून दिसेनासा झाला होता. बाजारातले अनेक कार्पेट शाम्पू अल्कधर्मी असतात आणि हळदीतले कर्क्युमिन अल्काशी संबंध आला की तांबडे होते. हळद लागलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, हे आजींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते, पण गालिच्यावरही तेच घडले असेल हे त्या क्षणी कोणाला सुचणार? मी वाद घातला नाही. स्वयंपाकघरातले पांढरे व्हिनेगर मागून घेतले, पाण्यात पातळ केले आणि पांढऱ्या फडक्याने डाग टिपत राहिलो. डोळ्यांदेखत तांबडा रंग पुन्हा पिवळा झाला. मग आजींनाच आठवले की श्राद्धाच्या दिवशी वरणाची वाटी तिथेच लवंडली होती. उरलेला पिवळेपणा गच्चीवरच्या उन्हाने बराचसा उतरवला आणि पैसे पूर्ण मिळाले.

प्रत्येक वाद असा व्हिनेगरवर मिटत नाही, म्हणून सेवा देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी, दोघांनीही लिहावे. नुकसान कसे झाले यापेक्षा ते कोणी, केव्हा आणि कसे सांगितले, शेवटी पैसे कोणी सोसले, हे वाचायला मला अधिक आवडेल. कोणत्याही कंपनीचे नाव कृपया लिहू नये.

मीनल, ठाणे

मी दुसऱ्या बाजूची आहे. श्रीनगरच्या सहलीत आम्ही एक गालिचा रेशमी म्हणून घेतला होता आणि किंमतही रेशमाचीच मोजली होती. काही वर्षांनी घरी सफाईला माणसे बोलावली. त्यांनी गरम पाण्याच्या यंत्राने तो स्वच्छ केला, आणि वाळल्यावर त्याची चमक गेली, लव ताठ झाली आणि वर पिवळट झाक आली. तक्रार केल्यावर त्यांचा सुपरवायझर आला. त्याने मागच्या कडेचा एक धागा काढून बशीत जाळला. रेशीम किंवा लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि ठिसूळ काळी गुठळी उरते. आमचा धागा कागदासारखा जळला, वासही कागदाचाच आला आणि मागे मऊ राख राहिली. म्हणजे तो व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा दिसणारा धागा होता, आणि व्हिस्कोस ओला झाला की दुबळा होतो.

सुपरवायझर म्हणाला, "ताई, तुम्हाला दुकानदाराने फसवले आहे, आम्ही नाही." मी त्याला एवढेच विचारले की, जी परीक्षा तुम्ही आता अर्ध्या मिनिटात केलीत, ती पाणी मारण्याआधी का केली नाही? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी त्यांनी सफाईचे पैसे घेतले नाहीत आणि तसा व्हिस्कोसचा गालिचा आज ज्या किमतीला मिळतो, तिचा काही भाग दिला. त्या वेळी मी फार चिडले होते. आता वाटते की रेशमाची किंमत त्यांच्याकडून मागणे अन्यायाचे झाले असते. तो हिशोब दुकानदाराशी करायचा होता, आणि दुकानाची पावती आमच्याकडे नव्हती.

सोलापुरी सतरंजी

आमच्याकडे आजोबांच्या काळापासून सतरंजी आहे. ती गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने धोपटली की सफाई पूर्ण होते. वाद होतो तो फक्त खालच्या मजल्यावर पापड वाळत घालणाऱ्यांशी, आणि तो कोणत्याही ग्राहक आयोगात नेण्याजोगा नाही.

फडके आणि बादली, कोल्हापूर

मीनलताई, तुमचा प्रश्न अगदी वर्मी लागणारा आहे, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाने तो भिंतीवर लिहून ठेवावा.

माझा अनुभव सागवानी टीपॉयचा आहे. काम झाल्यावर मुलांनी ओल्या गालिच्यावर टीपॉय परत ठेवला. लाकडाचे पॉलिश पाण्यात सुटले आणि चार पायांचे चार तपकिरी ठसे उमटले. निघताना एका मुलाच्या ते लक्षात आले होते. त्याने काय केले, तर टीपॉय इंचभर सरकवून ठसे झाकले. दोन दिवसांनी झाडताना बाईंनी टीपॉय हलवला आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो आला. ठसे काढायला मी स्वतः गेलो. तीन निघाले, चौथ्याची सावली राहिली. बाई म्हणाल्या, "डागाचे मला एवढे वाटत नाही, पण तो झाकून ठेवला होता." त्यांनी पैसे परत मागितले आणि मी ते दिले, पण त्यांच्या इमारतीतले एकही काम त्यानंतर आम्हाला मिळाले नाही.

तो मुलगा वाईट नव्हता. त्याआधी तो जिथे कामाला होता, तिथे नुकसान झाले की पगारातून कापून घेत. पगार कापला जाणार हे माहीत असेल, तर माणूस डाग झाकणारच. त्यामुळे आमच्याकडे नुकसानीपोटी मजुरी कापली जात नाही, मात्र जागेवरून फोन न करता जो निघून येईल त्याला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही. काही व्यवसायबंधूंना हे अव्यवहारी वाटते. माझ्या मते पहिल्या तासात आपण होऊन सांगितलेला डाग निम्म्या खर्चात मिटतो, आणि गिऱ्हाइकाने शोधून काढलेला डाग आपले नाव घेऊन जातो. टीपॉयच्या प्रत्येक पायाखाली फॉइलचा तुकडा ठेवायचा, ही काळजी तर फुकटातच पडते. लोखंडी पायांचे फर्निचर असेल तर गंजाचे डाग पडतात, आणि ते पॉलिशच्या डागांपेक्षा चिवट असतात.

वकीलकाका, नाशिक

या विषयावर माझ्याकडे दोन्ही पक्षांची माणसे आलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गालिचा धुण्यासाठी कारखान्यात नेला, तर तो व्यवहार भारतीय करार कायदा, १८७२ नुसार निक्षेप ठरतो, म्हणजे ठरावीक कामासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे. कलम १५१ सांगते की सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १५२ सांगते की तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्यामुळे कामाआधीची तपासणी आणि फोटो यांना महत्त्व आहे. काळजी घेतली असे तोंडी सांगणे पुरेसे होत नाही, ते दाखवता यावे लागते.

घरी येऊन केलेल्या कामात वस्तू ताब्यात दिलेली नसते. तिथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सेवेतील त्रुटीचा मुद्दा येतो. तक्रार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही ती दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि हा मोबदला म्हणजे सफाईसाठी मोजलेली रक्कम, गालिच्याची किंमत नव्हे. अनेकांचा इथेच गोंधळ होतो आणि ते उगाच घाबरून मागे फिरतात. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे, कारण लहान रकमांचे वाद तिथेही मिटू शकतात.

पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरात "नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" असे छापून सुटका झाली, असे व्यावसायिकांनी समजू नये. ग्राहकाला जे वाचायला दिले नाही, समजावले नाही, ज्यावर त्याची सही नाही, त्या ओळीवर विसंबून हलगर्जीपणा झाकणे अवघड आहे. ग्राहकांनीही हे लक्षात ठेवावे की आयोगापुढे राग चालत नाही. तिथे गालिच्याची खरेदीची पावती, सफाईची पावती, आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि आपण कधी काय कळवले याच्या तारखा लागतात.

मीनल, ठाणे

काका, ही माहिती तेव्हा मिळाली असती तर निदान दुकानदाराला एक पत्र तरी पाठवले असते. मनापासून आभार.

भदोहीचा माल, मुंबई

मी गालिचे विकतो, धूत नाही, पण धुण्याची भांडणे शेवटी माझ्या दारात येतात. गालिचा घेतला की आधी उलटा करून पाहावा. मागच्या बाजूलाही नक्षी गाठींसकट दिसली तर तो हाताने विणलेला असतो. मागे कापड चिकटवलेले असेल तर तो टफ्टेड असतो, म्हणजे त्याची लव कापडात टोचून मागून लॅटेक्सने धरून ठेवलेली असते. असा गालिचा फार भिजला आणि सावकाश वाळला, तर लॅटेक्स सुटते, मागचे कापड फुगते आणि वास येतो.

झालरीवरूनही पुष्कळ वाद होतात. हाताने विणलेल्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्याच ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची टोके असतात, त्यामुळे ती तुटली तर गालिचा तिथून उसवू लागतो आणि दुरुस्ती कारागिराकडूनच करावी लागते. टफ्टेड गालिच्याची झालर वेगळी शिवलेली किंवा चिकटवलेली असते. ती निघाली तर पुन्हा लावता येते. माझ्याकडे एक गृहस्थ निघालेली झालर पिशवीत घालून घेऊन आले होते आणि सफाईवाल्याकडून पूर्ण गालिच्याची किंमत मागत होते. मी ती झालर शिवून दिली आणि त्याचे पैसे सफाईवाल्याकडून घेतले. दोघेही नाखूश होते, यावरून तोडगा बरोबर असावा असा माझा समज झाला.

मांजर आवडणारी, डोंबिवली

थोडा वेगळा प्रश्न विचारते. आमच्या मांजराने गालिच्याच्या एका कोपऱ्यावर हक्क सांगितला आहे. सफाईवाल्याला हे आधी सांगावे का? संकोच वाटतो.

गालिचेवाला, पुणे

ताई, अवश्य सांगावे. आम्ही याहून पुष्कळ काही पाहिलेले असते. मूत्र दीर्घकाळ मुरले की तिथला रंग कच्चा होतो. कोरडे असताना काही दिसत नाही, पण पाणी लागताच त्या कोपऱ्यातून रंग सुटून शेजारी पसरतो आणि दोष धुणाऱ्यावर येतो. आधी कळले तर त्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहता येते आणि सुटत असेल तर तिथे पाणी बेताने वापरता येते.

लेस्टरवासी

इंग्लंडमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट बसवलेले असते, त्यामुळे इथला वाद तीन पक्षांचा होतो : घरमालक, भाडेकरू आणि सफाईवाला. आम्ही घर सोडताना स्वतःहून सफाई करून घेतली. पाणी जास्त झाले, वाळायला वेळ लागला आणि दाराजवळ तपकिरी पट्टा आला. मालकाने अनामत रकमेतून पूर्ण खोलीच्या नव्या कार्पेटचे पैसे कापायचे ठरवले. इथे एप्रिल २००७ पासून अशा भाडेकराराची अनामत रक्कम मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते आणि वाद झाला तर त्या योजनेचा निवाडा मागता येतो. निवाड्यात कार्पेटचे वय पाहिले गेले. बरीच वर्षे वापरलेल्या कार्पेटच्या बदल्यात नवे कार्पेट मिळणार नाही, राहिलेल्या आयुष्याएवढीच भरपाई मिळेल, असे मालकाला सांगितले गेले. ती थोडी रक्कम सफाईवाल्याने कुरकुर न करता भरली. भारतात असा हिशोब घरातल्या घरात करता आला, तर निम्मी भांडणे होणार नाहीत असे मला वाटते.

नवा उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

मी हा व्यवसाय नुकताच सुरू केला आहे. अशा नुकसानीसाठी विमा मिळतो का?

फडके आणि बादली, कोल्हापूर

मिळतो, पण पॉलिसीतील वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. दायित्वाच्या बहुतेक पॉलिसींमध्ये जी वस्तू तुमच्या ताब्यात आहे किंवा जिच्यावर तुमचे काम चालू आहे, तिचे नुकसान वगळलेले असते. तुमची नळी सुटून खालच्या घराचे छत भिजले तर विमा कामी येईल, गालिच्याचा रंग उतरला तर कदाचित येणार नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण मिळते का, हे एजंटाकडून लेखी घ्या.

गालिचेवाला, पुणे

नव्या मित्राला उपयोग व्हावा म्हणून आमच्या कामाआधीच्या कागदावर काय असते ते सांगतो. गालिच्याचा प्रकार आणि तो कशावरून ठरवला, आधीचे डाग नकाशावर खुणा करून, फडक्याने केलेल्या रंगाच्या चाचणीचा निकाल, ग्राहकाने सांगितलेली अंदाजे किंमत आणि वय, आणि ठळक मराठीत एक वाक्य की चाचणीत रंग सुटला तर ग्राहकाची संमती घेतल्याशिवाय पाणी वापरले जाणार नाही. किंमत लिहून घेण्याला काही जण नाके मुरडतात. पण नुकसान होण्याआधी सांगितलेली किंमत सहसा खरी असते. नंतरची किंमत कशी वाढते, ते या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

मीनल, ठाणे

कागद उत्तम आहे, पण त्याची आणि फोटोंची प्रत ग्राहकालाही त्याच वेळी पाठवत जा. आमच्या वेळी फोटो काढले होते, मात्र ते फक्त त्यांच्या मोबाइलमध्ये होते आणि मागितल्यावर मोबाइल बदलल्याचे सांगण्यात आले.

गालिचेवाला, पुणे

ताई, मान्य आहे. उद्याच्या कामापासून फोटो ग्राहकाच्या क्रमांकावर जातील, आणि ते पोहोचल्याशिवाय मुले यंत्राची पेटी उघडणार नाहीत.