आठवी-नववीच्या लैंगिक शिक्षणात प्रश्नपेटी ठेवावी का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी वयात येण्याविषयी सत्रे घ्यावीत असे मुख्याध्यापकांनी ठरवले असून, विषय विज्ञानाचा म्हणून जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली आहे. मानवी प्रजनन दहावीच्या पुस्तकात येते, तोवर बहुतेकांना मोबाईलवरून नको ते कळलेले असते. २००७ मध्ये याच विषयावरून राज्यात गदारोळ होऊन शाळांमधला कार्यक्रम बासनात गुंडाळला गेला होता, त्यामुळे पालकसभा आधी घेणार आहोत. त्याची मला फारशी चिंता नाही; आया तर मनातून सुटकेचा श्वासच सोडतात.

अडचण वेगळीच आहे. समोरासमोर कोणी तोंड उघडत नाही, म्हणून निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवून पाहिली. "पाळीत शिवल्याने लोणचे खरेच नासते का?", "रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, मग झोपेत गेले तर अशक्तपणा येतो का?" असे प्रश्न आले. दुसऱ्याचे मूळ एसटी स्टँडच्या भिंतीवरील जाहिरातींत आहे, हे उघड आहे. त्यांची उत्तरे शास्त्राच्या आधारे देता येतात, आणि अशा प्रश्नांसाठी मुलेमुली एकत्र बसलेली मला बरी वाटतात, कारण एकमेकांच्या शरीराविषयीचे कुतूहल चोरून भागवण्याची गरज उरत नाही.

मात्र एका चिठ्ठीत एवढेच होते: "घरातलेच कोणी नको तिथे हात लावत असेल तर?" अक्षर ओळखीचे वाटते, खात्री नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. दुसरीकडे, "नाव कोणाला कळणार नाही" असे सांगूनच मी चिठ्ठ्या मागवल्या होत्या. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि मैत्री क्लिनिकमधील (किशोरवयीनांसाठीच्या सरकारी आरोग्य केंद्रातील) समुपदेशक यांची माहिती वर्गात सर्वांनाच देणार आहे, पण तेवढ्याने भागेल असे वाटत नाही.

शाळेत समुपदेशन किंवा बालसंरक्षणाचे काम केलेल्यांना विचारायचे आहे: त्या मुलीला वर्गात उघडे न पाडता तिच्यापर्यंत कसे पोहोचावे, हेल्पलाइनशी आधी मी स्वतः बोलावे की मुख्याध्यापकांमार्फत जावे, आणि पुढच्या वेळी पेटी ठेवताना गुप्ततेची मर्यादा मुलांना कोणत्या शब्दांत सांगावी, म्हणजे ती लिहायचीच थांबणार नाहीत?