मदत हवी आहे : भाचीला पायलट व्हायचंय, पण बारावीला गणित नाही

नमस्कार मंडळी. भाची लातूरला बारावीत आहे. आमच्याकडं हुशार लेकरू म्हणजे डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा, म्हणून तिनं बायोलॉजी घेतलं, गणित सोडलं. आता म्हणते पायलटच व्हायचं! १९८५ साली सौदामिनी देशमुखांनी कलकत्ता-सिलचर विमान सगळा महिला क्रू घेऊन नेलं, हे तिनंच घरात ऐकवलं. जगात वैमानिकांत बाया जेमतेम पाच टक्के, भारतात त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळं ‘पोरीचं काम नाही’ म्हणणारे दाजी गप्प झालेत. पण कमर्शियल लायसन्सला फिजिक्स-गणित लागतं, वर २०० तास उड्डाण. पैशासाठी शेत गहाण टाकायच्या गोष्टी चालल्यात, म्हणून आधीच विचारते. एनआयओएसमधून (केंद्राच्या मुक्त शाळेतून) नुसतं गणित दिलेलं चालतं का? रायबरेलीजवळच्या सरकारी पायलट अकादमीची परीक्षा कुणाच्या लेकरानं दिलीय? आणि तिला चष्मा आहे, मेडिकल तपासणी आधीच करून घ्यावी का?