मदत हवी आहे: सिंथचे आवाज मोबाइलवर झटपट सॅम्पल कसे करायचे?

काल्याचा_वादक
नमस्कार मंडळी. गावात काल्याचे नाटक जवळ आले आहे आणि पार्श्वसंगीत माझ्याकडे आहे. तीन आवाज लागतात, तिन्ही सिंथमधले (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारी अ‍ॅप). तिन्ही सिंथ एकदम उघडले की वाजवताना कडकड येते, म्हणून सॅम्पल करून, म्हणजे स्वर आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे ठरवले. पण एकेक स्वर दाबा, रेकॉर्ड करा, कापा, नाव द्या, यात एका आवाजाला अख्खी संध्याकाळ जाते. लवकर उरकेल अशी रीत कोणाकडे आहे का? तालमी सुरू झाल्या आहेत, कृपया आजच सांगा.

वाळपईकर
अँड्रॉइड की आयपॅड? सिंथ प्लगइन म्हणून, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपच्या आत उघडतो की वेगळे अ‍ॅप आहे? आणि सॅम्पल शेवटी वाजवणार कशात? एवढे कळल्याशिवाय काय सांगणार?

सुरपेटी
नाटक संगीत असेल तर सिंथच्या मागे लागू नका, पायपेटी आणा. गोव्यात अजून चांगल्या पायपेट्या जपलेल्या आहेत. भात्याचा दाब वाढवत नेला की स्वर कसा फुलतो ते एकदा जवळ बसून ऐका. गाणाऱ्याला तोच आधार लागतो.

काल्याचा_वादक
सुरपेटी, पेटी आहेच, ती आमचे काका वाजवतात. मला फक्त प्रवेशामागचे सूर हवेत. वाळपईकर, आयपॅड आहे.

वाळपईकर
कुठला? रॅम किती? सिंथ कशात उघडता?

दादरकर
कोआला हे सॅम्पलर अ‍ॅप घ्या आणि मोकळे व्हा. एक स्वर रेकॉर्ड करायचा, की-बोर्डवर पसरवायचा, पाच मिनिटांत काम. मी कॉलेजच्या एकांकिकांना हेच करतो.

वाळपईकर
दादरकर, ठोक्याच्या आवाजांना ते छान आहे, लांब सुरांना नाही. एकच सॅम्पल सप्तकभर वर नेले की आतले कंपन दुप्पट वेगाने होते आणि सूर निम्म्या वेळात संपतो. खाली नेले की उलटे. तार सप्तकात पॅड, म्हणजे लांब मऊ सूर, चिरका लागतो.

दादरकर
संवाद चालू असताना मागचा सूर एवढा कान देऊन कोण ऐकतो?

वाळपईकर
नट ऐकतो. त्याला त्याच सुरावरून पद उचलायचे असते.

काल्याचा_वादक
सहाव्या पिढीचा आयपॅड, 2018 चा, 2 जीबी रॅम. सिंथ एयूव्ही-थ्री (आयपॅडवरचे प्लगइन) आहेत, एयूएम या मिक्सर अ‍ॅपमध्ये उघडतो. वाजवणार ऑडिओलेअर या सॅम्पलर अ‍ॅपमध्ये, ते घेतलेले आहे.

म्हादई_काठ
हे आधी सांगितले असते तर दुपारीच सुटले असते! ऑडिओलेअरमध्ये एयूव्ही-थ्री सिंथ आपोआप सॅम्पल करायची सोय आहे. आधी ती वापरून पाहा. एखादा सिंथ तिथे नीट चालला नाही तर माझी रीत अशी:

एकच मिडी फाइल (कुठला स्वर कधी वाजवायचा याची यादी) बनवून ठेवायची आणि ती प्रत्येक आवाजाला वापरायची. टेम्पो 60, म्हणजे एक मात्रा बरोबर एक सेकंद. स्वर क्रमांक 36 पासून 96 पर्यंत, दर तिसरी पट्टी: 36, 39, 42 असे एकूण 21 स्वर. प्रत्येक स्वर 8 सेकंद धरायचा, मग 4 सेकंद शांतता, शेपटी पूर्ण विरायला. चार मात्रांच्या हिशेबाने दर तीन बारला नवा स्वर सुरू होतो. सगळे मिळून 4 मिनिटे 12 सेकंद. रेकॉर्ड लावायचे आणि चहा घेऊन यायचे. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट स्टिरिओला साधारण 44 एमबी होतात, म्हणजे 2 जीबीत तिन्ही आवाज आरामात बसतात. हळू आणि जोरात दाबल्याचे असे दोन थर हवे असतील तर वेळ आणि जागा दुप्पट धरा, पण मागच्या सुरांना एक थर पुरतो.

रेकॉर्ड करताना एकच सिंथ उघडा ठेवा आणि बफर (वाजण्याआधी आवाज साठवायची जागा) 1024 करा. बोटाखाली काही वाजवायचे नसल्याने उशीर झाला तरी बिघडत नाही, आणि कडकड येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे: सिंथमधला रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), आर्पेजिएटर (स्वर आपोआप एकामागून एक वाजवणारा भाग) बंद करा. रिव्हर्बसकट सॅम्पल घेतले तर चार स्वरांच्या कॉर्डला चार रिव्हर्ब एकमेकांवर चढतात आणि सगळा गिचका होतो. रिव्हर्ब शेवटी एकच, सगळ्यांवर मिळून लावायचा.

काल्याचा_वादक
एका आवाजाला सोय चालली, दुसऱ्याला नाही. तुमच्या रीतीने लांब फाइल तयार झाली. आता हे 21 तुकडे हाताने कापायचे?

म्हादई_काठ
नाही. प्रत्येक तुकडा 12 सेकंदांचा, म्हणजे 5,29,200 सॅम्पल (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचे एक मोजमाप, सेकंदाला 44,100). समान लांबीने कापणारे कुठलेही एडिटर चालेल. किंवा कापूच नका: एसएफझेड ही सॅम्पलरला कुठला स्वर कुठून वाजवायचा ते सांगणारी साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात प्रत्येक स्वराला सुरुवात आणि शेवट सॅम्पलच्या आकड्यात लिहिता येतो. पहिला 0 पासून, दुसरा 5,29,200 पासून, तिसरा 10,58,400 पासून. तुमचा प्लेअर ते आकडे पाळतो का, हे आधी दोन स्वरांवर तपासा. प्रत्येक सॅम्पल खाली एक आणि वर एक पट्टी एवढेच पसरवा.

माशेलचा_घुमटकार
घुमट (मातीच्या भांड्याला चामडे लावलेले आपले गोव्याचे वाद्य) सॅम्पल करायचे असेल तर दोन माइक लावा, एक चामड्याकडे, दुसरा मागच्या उघड्या तोंडाकडे. मागच्या तोंडावर हात ठेवून आणि काढून असे दोन्ही नाद वेगवेगळे घ्या. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केले आहे, तेव्हा हे काम कोणीतरी नीट करायलाच हवे.

सुरपेटी
अगदी खरे! पण घोरपडीच्या चामड्याचा नाद बकरीच्या चामड्याला येत नाही.

माशेलचा_घुमटकार
घोरपडीला कायद्याने संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. बकरीचे चामडे नीट ताणले तर आरतीला काही कमी पडत नाही, चवथीला आमच्या वाड्यावर येऊन ऐका.

काल्याचा_वादक
मंडळी, घुमटाचा धागा वेगळा काढा ना. माझे सगळे स्वर एक सप्तक वर लागताहेत!

वाळपईकर
फाइलींना नावे सी-थ्री, सी-फोर अशी दिली असणार. मधल्या सी-ला काही अ‍ॅप सी-थ्री म्हणतात, काही सी-फोर. नावात मिडी क्रमांक घाला, मधला सी सगळीकडे 60 च असतो.

काल्याचा_वादक
जुळले! देव बरे करू. आता शेवटचे: 8 सेकंदांनंतर सूर तुटतो, प्रवेश बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो.

दादरकर
पुन्हा दाबायचा.

म्हादई_काठ
लूप लावा, म्हणजे मधला भाग पुन्हा पुन्हा वाजत राहील. तिसऱ्या सेकंदापासून सातव्यापर्यंत, म्हणजे तुकड्याच्या सुरुवातीपासून 1,32,300 ते 3,08,699. सिंथचा एलएफओ (सुराला हेलकावा देणारा भाग) टेम्पोला बांधून 1, 2 किंवा 4 मात्रांचा ठेवलात तर चार सेकंदांत त्याची पूर्ण आवर्तने बसतात आणि हेलकावा मध्येच तुटत नाही. त्यासाठी रेकॉर्डिंग पुन्हा करावे लागेल, पण ती चारच मिनिटे. सांध्यावर टक ऐकू आले तर थोडा क्रॉसफेड द्या, म्हणजे शेवट विरत असताना सुरुवात चढू द्या.