प्राग: गुडघेदुखी असलेल्या बाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला असतो, आईबाबा पुण्याहून आलेत. पुढच्या महिन्यात शनिवार-रविवारला जोडून प्रागचा बेत आहे. बाबांना 1410 सालचं खगोलीय घड्याळ बघायचंच आहे. तासाच्या ठोक्याला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, त्यासाठी नातही उतावीळ झालीय.

काळजी बाबांच्या गुडघ्यांची. सगळीकडे दगडी फरसबंदी, त्यात किल्ला टेकडीवर. 22 नंबरच्या ट्रामने वर जाऊन चार्ल्स पुलापर्यंत चालत उतरावं म्हणतोय, पण उतारावरच त्यांना जास्त त्रास होतो. परतही ट्रामनेच यावं का? मुक्काम जुन्या शहरात बरा की नदीपलीकडे? आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. लिफ्ट आणि स्वयंपाकघर असलेली जागा कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.