१ ते ५ च्या सर्व्हेत आउटलायर शोधायचे कसे? (यंत्रमाग कामगार, सोलापूर)

कडकभाकरी:
नमस्कार मंडळी. पीएचडीसाठी यंत्रमाग आणि टेरी टॉवेल कामगारांचा सर्व्हे केलाय, अक्कलकोट रोड एमआयडीसी, साखर पेठ, भद्रावती पेठ, तीनशेच्या आसपास फॉर्म झालेत. २० प्रश्न, उत्तरं १ ते ५, 'अजिबात पटत नाही' पासून 'एकदम पटतं' पर्यंत, त्यातले ६ प्रश्न मुद्दाम उलटे ठेवलेत, म्हणजे तिथं 'पटतं' म्हटलं की तक्रार ठरते. गाइड म्हणतात आधी आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे फॉर्म, काढ मग पुढं जा. पण काढू कशाच्या जोरावर? झेड स्कोर (सरासरीपासून किती एसडी, म्हणजे प्रमाण विचलन, लांब) लावला की 'पगार वेळेवर होतो' ला १ लिहिणारे तेवढे उडतात, ते मनाला पटेना. मीडियन (मधलं उत्तर) आणि एमएडी (मीडियनपासूनच्या अंतरांचं मीडियन) लावून बघितलं तर बऱ्याच प्रश्नांना एमएडी शून्यच येतोय, आता शून्यानं भागू का? रोबस्ट, म्हणजे टोकाच्या आकड्यांनी न ढळणारं, काहीतरी सुचवा, आर सॉफ्टवेअर थोडंफार येतं.

बिनधास्त:
झेड ३ च्या वरचे उडव, विषय संपला. व्हायवात कोण विचारतंय एवढं.

आकडेमोड:
^ विचारतात, बरोबर हेच विचारतात.

ताई, उडवू नका. १ हा पर्याय तुम्हीच छापलाय, तो कुणी निवडला म्हणून माणूस आउटलायर कसा होईल? या स्केलवर हद्दीबाहेर कुणाला जाताच येत नाही. शिवाय १ ते २ आणि ४ ते ५ ही अंतरं सारखी असतात असं कुणी सांगितलंय, त्यामुळे सरासरी आणि एसडीवर उभा असलेला झेड इथं आधीच लंगडा.

एमएडीचं म्हणाल तर, समजा सात जणांची उत्तरं ५,५,५,५,५,४,२ आहेत. मीडियन ५. त्यापासूनची अंतरं ०,०,०,०,०,१,३, त्यांचं मीडियन परत ०. निम्म्याहून जास्त लोक एकाच आकड्यावर बसले की हे होणारच, मग ४ लिहिणारा बिचारा पण आउटलायर. महालनोबिस अंतराची (सगळी उत्तरं एकत्र धरून माणूस मध्यापासून किती लांब) रोबस्ट आवृत्ती, एमसीडी, तीही अशा डेटावर याच कारणानं अडकते, आर सरळ वॉर्निंग देतं.

तेव्हा एकेका उत्तराच्या मागं लागू नका, अख्खा फॉर्म बघा. आधी सरळ रेघ ओढलेले शोधा, म्हणजे आरच्या 'केअरलेस' पॅकेजमधलं लाँगस्ट्रिंग, ओळीनं किती वेळा तोच आकडा आलाय ते मोजतं. हे उलटे प्रश्न रीकोड (१ चे ५, २ चे ४) करायच्या आधी चालवायचं, नंतर चालवलं तर रेघ तुटते आणि काहीच सापडत नाही. 'पगार वेळेवर होतो' ला ४ आणि 'पगाराला सारखा उशीर होतो' ला पण ४, असे फॉर्म थोडे असले तरी फॅक्टर अॅनालिसिसमध्ये, म्हणजे एकत्र हलणाऱ्या प्रश्नांचे गट शोधताना, उलट्या प्रश्नांचा वेगळाच फॅक्टर उगवतो आणि माणूस त्याला नाव शोधत बसतो.

मग रीकोड करून गटमन एरर. समजा कारखान्यात प्यायचं पाणी मिळतं असं बहुतेक सगळे म्हणतात, पीएफ कापतात असं फार थोडे. आता एखाद्यानं पीएफला ५ दिले आणि पाण्याला १, तर गडबड आहे. असे उलटे क्रम प्रत्येक फॉर्ममध्ये किती ते मोजायचे, 'मोकेन' पॅकेजमध्ये चेक एरर्स आहे. यात अंतर लागतच नाही, नुसता क्रम लागतो, म्हणून ऑर्डिनल (क्रमवाचक) डेटाला हे चपखल बसतं. फक्त या मोजणीची शेपटी उजवीकडं लांब असते, म्हणजे थोड्या फॉर्ममध्ये एरर फार जास्त निघतात, साध्या बॉक्सप्लॉटचा दीड आयक्यूआरचा (मधल्या निम्म्या फॉर्मांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून लांब तो आउटलायर) नियम लावला तर चांगले फॉर्मही पकडले जातात. 'रोबस्टबेस' मधलं अॅडजबॉक्स वापरा, ते तिरकेपणा धरून कुंपण घालतं.

मागवाला:
आकडे समजत नाहीत पण लै वर्षं माग चालवलाय म्हणून विचारतो, फॉर्म कुठं भरून घेतले ताई? कारखान्यात मुकादम शेजारी उभा असला की माणूस सगळीकडं 'पटतं'च म्हणणार की. आणि सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, 'होत नाही असं वाटत नाही' असलं वाक्य विचारलं तर त्यानं काय समजायचं?

कडकभाकरी:
मागवाला दादा, एकदम बरोबर. आत्ता चालवून बघितलं, सरळ रेघवाले बरेचसे एकाच कारखान्यातले आहेत, तिथं जेवणाच्या सुट्टीत ऑफिससमोरच फॉर्म भरले होते. गटमन एररवाले मात्र विखुरलेत, पण त्यात उलट्या प्रश्नांपैकी दोनच पुन्हा पुन्हा दिसतायत. ते सगळे काढू का आता?

आकडेमोड:
सगळे नको. दोनच प्रश्न सगळीकडं अडत असतील तर दोष प्रश्नांचा, माणसांचा नाही, ते दोन प्रश्न बाजूला ठेवून एरर परत मोजा. सरळ रेघेची मर्यादा रिझल्ट बघायच्या आधी ठरवा आणि लिहून ठेवा. मग पॉलिकोरिक कोरिलेशन (अशा क्रमाच्या उत्तरांसाठीचा सहसंबंध) दोन्ही प्रकारे काढा, ते फॉर्म धरून आणि वगळून, आणि थिसिसमध्ये दोन्ही टेबल द्या. आकडे फार हलले नाहीत तर काढायचीच गरज नाही. आणि त्या कारखान्यात सगळ्यांनी ५ लिहिलेले असताना एकट्यानंच १ लिहिलेला फॉर्म असेल ना, तो तर अजिबात काढू नका.

मागवाला:
तेलुगूत प्रश्न नीट करून पाहिजेत तर सांगा, घरी मंडळी आहेत, वाचून बघतील.

कडकभाकरी:
दादा मेसेज करते, आधी ते दोन उलटे प्रश्नच पाठवते.

बिनधास्त:
मग एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये हे गटमन कुठल्या मेनूत असतंय?