दहावी झाली, पुढं काय? मुलीसाठी सल्ला हवा आहे (सांगली)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतीच वाचत असते, धागा पहिल्यांदा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मुलगी यंदा दहावी झाली, ९१ टक्के. घरातला आनंद एक दिवस टिकला, दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, "कुठं घालताय?" ह्यांचं मार्केट यार्डात बेदाण्याचं अडत दुकान. आम्ही दोघंही बी.कॉम. सायन्समधलं घरात कुणाला काही कळत नाही आणि हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे, त्यामुळे येणारा जाणारा सल्ला देऊन जातो.

परवा एका क्लासमध्ये जाऊन आलो. इंटिग्रेटेड बॅच, म्हणजे अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्रच, दोन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. कॉलेजला जायची गरज नाही, हजेरीचं ते 'बघून घेतात'. शनिवारपर्यंत टोकन भरलं तर पंधरा हजार सूट. एक तास वर्गात बसू द्या म्हटलं तर नाही म्हणाले. हे बाहेर आल्यावर म्हणाले, "माल न दाखवताच बोली लावायला सांगतायत." पण घरी आल्यापासून त्यांनाही झोप नाही.

पोरीला विचारलं तर "मला नाही माहीत." दिवाळीत दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बंद पडला होता. दुरुस्तीवाले काका आले तर ही त्यांच्याशेजारी दोन तास बसली, आणि घरी येऊन लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन ओळखणारा भाग, काय असतो ते मला कणीक मळताना समजावलं. चित्रं छान काढते. पाठांतराच्या नावानं मात्र शंख.

तर इंटिग्रेटेडला घालू की साध्या ज्युनिअर कॉलेजला? हिचा कल ओळखायचा कसा? आणि हे एआय एआय चाललंय, त्यात चार-सहा वर्षांनी कुठली नोकरी राहील हे कुणाला सांगता येईल का? धाकटा आठवीत गेलाय, त्याच्या वेळी तरी शहाणं व्हावं म्हणते.

शंभर_फुटी
डोळे झाकून क्लासला घाला. सगळे घालतात. नंतर पस्तावाल.

फळा_खडू
कृष्णाकाठची ताई, मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त. वरच्या प्रतिसादातलं 'सगळे घालतात' हे कारण मी दरवर्षी जूनमध्ये ऐकायचो.

आधी परीक्षा समजून घ्या, मग क्लास. आपल्याकडं इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रमाचा साधारण ८० टक्के भार बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर. म्हणजे निम्मा पेपर एकट्या गणिताचा, आणि ते नव्वद मिनिटांत सोडवायचं. जेईई (आयआयटीसारख्या संस्थांसाठी) आणि नीट (मेडिकलसाठी) ही वेगळी जात, तिथं चुकीला गुण जातात आणि दोन्ही वर्षं सारखीच लागतात. मुलगी आयआयटीच्या नादाला लागलेली नसेल तर जेईईच्या किमतीचा क्लास सीईटीसाठी कशाला घ्यायचा?

आता इंटिग्रेटेडबद्दल. त्यात शिकवणारे वाईट असतात असं मी म्हणणार नाही, काही फार चांगले आहेत. माझं भांडण त्या 'बघून घेतो'शी आहे. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. कॉलेजला न येता थेट प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसलेली मुलं मी पाहिलीत, स्क्रू गेज उलटा धरतात. त्यांना गुण मिळूनही जातात हो, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये तोंड उघडं पडतं. काटा उघडणाऱ्या मुलीला दोन वर्षं प्रयोगशाळेपासून लांब ठेवायचं आणि वर पैसे द्यायचे, हे मला तरी पटत नाही.

साधं कॉलेज आणि संध्याकाळी फक्त गणिताचा छोटा क्लास, असं करता येईल. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, पसंतीक्रम भरताना घरापासूनचं अंतर बघा. रोज दीड तास एसटीत घालवणारी मुलं डिसेंबरपर्यंत दमून जातात. आणि अकरावीला उनाडक्या चालतात हा समज आधी काढून टाका. त्रिकोणमिती आणि व्हेक्टर तिथंच राहिले की बारावीला फिजिक्सचं गणित सुटत नाही, पोरगं म्हणतं मला फिजिक्स कळत नाही.

मिरज_जंक्शन
लोडसेल वाचलं आणि राहवलं नाही. ताई, डिप्लोमाचा विचार केलाय का? आपल्याकडं 'मार्क कमी पडले म्हणून पॉलिटेक्निक' असं बोलायची रीत पडलीय, लई चुकीची.

मी मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला. प्रवेश दहावीच्या गुणांवर, तीन वर्षं. पहिल्या वर्षापासून हातात कानस आणि लेथ. नंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सीईटीची कटकट नाही. एकूण वर्षं सहाच होतात, बारावी करून गेलेल्याइतकीच.

पण खोटं सांगणार नाही. दुसऱ्या वर्षात गेल्यावर गणितानं मला पार लोळवलं. बारावीवाल्यांचं कॅल्क्युलस पक्कं असतं, आपलं कामचलाऊ. पहिल्या सेमला मी दोन विषयांत नापास, आईला सांगितलंच नाही. तिला गणित आवडत असेल आणि हातानं काम करायलाही आवडत असेल तरच हा रस्ता. आणि तिकडं एकदा गेलं की मेडिकल, शुद्ध विज्ञान ही दारं जवळजवळ बंद. सोळाव्या वर्षी एवढं ठरवायची तिची तयारी आहे का, ते तुम्हीच बघा.

एक करा. कुपवाड एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर तिला एक दिवस शॉपफ्लोअरवर उभं करा. नुसतं बघू दे. जेवायला तिथल्याच लोकांबरोबर बसू दे.

गावभाग_४१६४१६
सगळे कोर्सवर बोलतायत, मी कागदांवर बोलते, कारण आम्ही तिथं आपटलो.

माझा मुलगा ओबीसी. बारावीनंतर जात वैधता मुदतीत आली नाही, राखीवमधून लागलेली जागा गेली. एका कार्यालयात तीन वेळा 'एक कागद कमी आहे' ऐकलं, दरवेळी वेगळा कागद. पण दोष निम्मा आमचाही, आम्ही सुरुवातच मे महिन्यात केली.

वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधा. आमचा होता, पत्र्याच्या ट्रंकेत. २०१९ च्या पुरात ट्रंकेसकट गेला. मग मूळ गावच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला, तहसीलला जाऊन जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ शोधला. हे सगळं अकरावीत करा. सायन्सच्या मुलांचा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो, कॉलेजातल्या क्लार्कशी गोड बोला.

नॉन-क्रिमीलेअर नुसतं असून चालत नाही, प्रवेशाच्या वर्षातल्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आधारवरचं नाव, दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव, सगळीकडं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा.

आणि ताई, मुलगी आहे म्हणून सांगते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण शासनाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून प्रवेश घेतला तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो. हॉस्टेल-मेस यात येत नाही. क्लासला दोन लाख चाळीस हजार देण्याआधी हा हिशेब मांडा.

शंभर_फुटी
फी माफीचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

अजिंक्यताऱ्याखाली
मी साताऱ्याची, आता पुण्यात आयटीत. एआयचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या टीममध्ये नवीन पोरं आली की आधी त्यांना छोटी-छोटी कामं मिळायची. हा टेस्ट लिही, तो फॉर्म बनव. ती कामं आता टूल करतं. हातात येतं ते तयार उत्तर, आणि विचारलं जातं की हे बरोबर आहे का, चुकलं असेल तर कुठं. ज्याचा पाया कच्चा त्याला चूक दिसतच नाही, कारण उत्तर दिसायला नेहमी गुळगुळीतच असतं. त्यामुळे कुठली नोकरी राहील हे मी सांगू शकत नाही, माझीच राहील का माहीत नाही! पण कोडिंग येतं म्हणून घेतलं असं फार दिवस चालणार नाही, हे आत्ताच दिसतंय. 'एआय'चा शिक्का मारलेली शाखा आहे म्हणून धावू नका, तिथले प्राध्यापक आणि गणिताचे पेपर बघा.

ताई, तुमच्या घरात फुकटची प्रयोगशाळा आहे. सुट्टीत तिला दुकानात बसवा. गल्ल्यावर नको, सौद्याच्या वहीवर. कुठल्या लॉटला काय दर आला, कुठला माल कोल्ड स्टोरेजला किती दिवस पडून होता, हे एक्सेलमध्ये भरू दे. मग तिलाच विचारा, कुठल्या महिन्यात माल काढायला हवा होता? उत्तर चुकलं तरी चालेल. मला पहिल्या नोकरीत हेच करायला सांगितलं आणि मी रडले होते, कारण तोवर आयुष्यात सगळे आकडे पुस्तकानंच दिले होते.

आणखी एक. कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझं अडलं ते अभ्यासानं नाही. मेसचे पैसे पंधरा तारखेला संपायचे. सरांना मेल कसा लिहायचा कळायचं नाही. बँकेत आयुष्यात कधी एकटी गेले नव्हते. वर्गात शंका विचारायची तर इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत सर पुढं गेलेले. साताऱ्यात आई-पप्पांनी मला अभ्यास सोडून काही करूच दिलं नव्हतं, कौतुकानं. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म तिला स्वतःला भरू दे. तुम्ही शेजारी बसा, माऊस तिच्या हातात.

फळा_खडू
शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. दरवर्षी पालक फॉर्म भरायचे आणि मुलगा बाहेर गाडीवर बसलेला असायचा.

तासगाव_नाका
दुसरी बाजूही मांडतो. माझ्या थोरल्याला साधं कॉलेज मानवलं नाही. घरी कुणी बघणारं नाही, मी द्राक्षबागेत, तो मोबाइलवर. क्लासनं त्याला बांधून बसवलं म्हणून सीईटी निघाली. धाकटीला त्याच भरवशावर क्लाससाठी लातूरला ठेवलं, चार महिन्यांत परत आणावी लागली. जेवत नव्हती, बोलत नव्हती. मी आधी नाटकं समजलो. आता सांगलीत कॉमर्स करतेय, सीए फाउंडेशनचं बघू म्हणते, हसते. एकाच घरातली दोन पोरं, त्यामुळे मी कुणाला ठाम सांगायचं सोडून दिलंय.

रंगपेटी
चित्र + यंत्र म्हणजे प्रॉडक्ट डिझाइन बघा. आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनची यूसीड प्रवेश परीक्षा, बारावीनंतर. एनआयडी या डिझाइन संस्थेची वेगळी. आर्किटेक्चरला नाटा ही परीक्षा. तासभर बसून तिच्यासोबत जुने पेपर चाळा, मजा वाटली की कंटाळा आला ते लगेच कळेल. कल चाचणीला हजारो रुपये देण्याआधी हे करा. मुलींना लष्करी अधिकारी घडवणारी एनडीएही खुली झालीय, हेही तिच्या कानावर घाला. आणि धाकट्यासाठी: आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते, शासकीय किंवा अनुदानित शाळा आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

कृष्णाकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय. धाग्याची प्रिंट काढून ह्यांनी दुकानात ठेवलीय, हमालांपासून सगळ्यांनी वाचून झाली.

टोकन भरलं नाही. शनिवार उलटल्यावर क्लासमधून फोन आला, सूट अजून चालू आहे म्हणे. हे म्हणाले, "बघ, भाव पडला."

मिरजेचं तंत्रनिकेतन बघून आलो. वर्कशॉपमध्ये ती खूश होती, पण परतताना रिक्षात म्हणाली की मला अजून गणित सोडायचं नाही आणि बायोलॉजीही एवढ्यात नको सोडायला. म्हणजे तिचं तिनं काहीतरी ठरवलं, पहिल्यांदाच. अकरावीचा फॉर्म तिनंच भरला. पहिली पसंती विलिंग्डन, सायकलनं जाता येतं. संध्याकाळी फक्त गणिताचा क्लास, एक सर घरीच घेतात, त्यांनी दोन दिवस फुकट बसू दिलं.

एक्सेलचं काम सुरू आहे. तिच्या वहीप्रमाणे गेल्या वर्षी आम्ही एक लॉट दीड महिना उगाच धरून ठेवला. ह्यांना ते आवडलेलं नाही, बाजार असा कागदावर कळत नसतो म्हणतात. रोज जेवताना दोघांची जुंपते.

तिची बँकेतली पहिली फेरी फसली, सही जुळली नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत गेली, एकटी.

आता गावभाग ताईंना एक विचारायचंय. कागद काढायला घेतले तर ह्यांच्या आजोबांचा १९५२ चा दाखला सापडला, पण त्यावर नाव 'रामू' आहे. सासऱ्यांच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'रामचंद्र'. अडेल का?

गावभाग_४१६४१६
अडू शकतं, पण अडूनच बसेल असं नाही. आमच्याकडं 'भाऊ' आणि 'भाऊसाहेब' होतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा, त्यातच दोन्ही नावं एकाच माणसाची असं स्पष्ट लिहा. सातबारा किंवा फेरफारावर दोन्हीपैकी कुठलं नाव आहे ते बघा, तिथं 'रामचंद्र उर्फ रामू' सापडलं तर सोन्याहून पिवळं. मूळ गाव कुठलं? जत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रेकॉर्ड रूम कुठल्या वारी उघडी असते ते सांगते.