बुद्रुक, खुर्द, खालसा, दुमाला: गावाच्या नावातला दुसरा शब्द

प्रश्न
कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द. आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द. पुण्याभोवती अशा जोड्या ढीगभर. खुर्द म्हणजे धाकटं हे माहीत आहे, पण बुद्रुक कुठून आला? बुद्धाशी काही संबंध असेल का? आणि उद्या खुर्द वाढून मोठं झालं तर?

प्रतिसाद
बुद्धाला मध्ये आणू नका! मूळ फारसी शब्द ‘बुजुर्ग’, म्हणजे थोर, वडीलधारा. मराठी तोंडात ज चा द झाला, ग चा क झाला आणि र सरकून पुढे आला. खुर्दही फारसीच, सुट्या नाण्यांना आपण खुर्दा म्हणतो तो त्याचाच भाऊबंद. उत्तरेत याच कामाला ‘कलां’ आणि ‘खुर्द’ अशी जोडी चालते.

मोठेपणाचं म्हणाल तर ते नाव पडलं तेव्हाचं. पुढे खुर्दात कितीही इमारती उठल्या तरी दप्तरात ते खुर्दच. जुन्या कागदांत ‘बु॥’ आणि ‘खु॥’ एवढंच लिहीत, आता बु. आणि खु.

प्रतिसाद
मुळात दुसरा शब्द का लागला तेही बघा. आपल्या गावांची नावं झाडांवरून आणि पाण्यावरून: वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव, तळेगाव. वड काय एकाच गावात असतो? मग वसुली करणाऱ्याने ओळखायचं कसं? म्हणून वडगाव मावळ वेगळं, वडगाव शेरी वेगळं. तळेगावाला कुठे दाभाडे चिकटले, कुठे ढमढेरे. सेनापती दाभाड्यांचं ठाणंच तिथे, त्यामुळे तो उलगडा सोपा आहे.

प्रतिसाद
माझ्या मते बुद्रुक-खुर्दपेक्षा करवीर तालुक्यातली जोडी जास्त बोलकी आहे: सडोली खालसा आणि सडोली दुमाला. इथे लहानमोठ्याचा प्रश्नच नाही. खालसा म्हणजे ज्याचा शेतसारा थेट सरकारात जमा होई ते गाव. दुमाला म्हणजे ज्याच्या उत्पन्नावरचा हक्क सरकारने इनामदाराला दिला ते. इनामं गेली, साऱ्याची ती रीत गेली, पण एस.टी.च्या पाटीवर हिशेब अजून शाबूत!

तसंच निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, कारभाराचं गाव. मौजा म्हणजे साधं खेडं. त्या मौजेचा मौजमजेशी संबंध नाही, हेही सांगून टाकतो, कारण तोही प्रश्न येतोच.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. म्हणजे ‘करंजे तर्फ सातारा’ मधला तर्फही याच घराण्यातला?

प्रतिसाद
हो. परगण्याचा पोटविभाग तो तर्फ. गाव कोणत्या विभागात मोडतं ते नावातच सांगून ठेवलं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हे दुसरे शब्द कारभारातले, म्हणून त्यांचा अर्थ ठामपणे सांगता येतो. पहिल्या शब्दाचं तसं नाही. तिथे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, अशी एखादी कथा लगेच हजर होते. कथा ऐकायला हरकत नाही, पण आधी जुन्या लेखांतलं रूप शोधा. कराडचं करहाटक, तेरचं तगर, पैठणचं प्रतिष्ठान ही रूपं मिळतात, आणि तिथून पुढे उच्चार कसा झिजत गेला ते पायरीपायरीने दाखवता येतं. असं जुनं रूप हाती नसेल तर निदान आसपासच्या गावांची नावं शेजारी मांडून बघा. एकट्या नावावरून अर्थ काढायला जाऊ नका.